टंगस्टनवरचं गंधक: ग्वाल्हेरचे चार दिवस

ग्वाल्हेरहून परत आल्यावर ओळखीच्या प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला, "किल्ला पाहिला का?" पाहिला, पण कसा ते पुढे सांगते. मी किल्ल्यासाठी गेले नव्हते, कुणाच्या लग्नालाही नाही, आणि ज्या कामासाठी गेले ते निघताना घरीसुद्धा नीट सांगितलं नव्हतं. "एका निवृत्त प्राध्यापकांना भेटायचंय," एवढंच म्हटलं होतं. नवऱ्याने विचारलं, "फोनवर होण्यासारखं नाही का?" मी नाही म्हटलं. मग त्याने एवढंच सांगितलं, की जानेवारीत उत्तरेत चालली आहेस, कानटोपी घे. ती मी विसरले.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं. मी पुण्यात एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्र शिकवते. आमचा विषय धातूंचा, पण सजीवांच्या आतल्या धातूंचा. आपल्या शरीरात, दुधात, जमिनीतल्या जीवाणूंत काही एन्झाइम असतात, त्यांच्या गाभ्यात मॉलिब्डेनमचा एक अणू असतो. गंधकाचे दोन अणू त्याला चिमट्यासारखे धरून असतात. एका बाजूला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो, आणि काही एन्झाइममध्ये त्याच्या शेजारी गंधकाचा आणखी एक अणू, तोही दुहेरी बंधाने. या एकट्या गंधकावर सगळं अवलंबून. तो गेला आणि त्याच्या जागी ऑक्सिजन येऊन बसला, की एन्झाइम निकामी. आणि जिथे पाणी उकळत असतं, हवेतला ऑक्सिजन पोचत नाही, अशा जागी राहणारे काही जीवाणू मॉलिब्डेनमऐवजी टंगस्टन वापरतात. जुन्या बल्बच्या तारेतलं टंगस्टन, तेच.

माझी विद्यार्थिनी सायली हिने या गाभ्याची नक्कल करणारं एक छोटं संयुग तयार केलं होतं: टंगस्टनचा एक अणू, त्यावर एक ऑक्सिजन आणि एक गंधक. त्याच्या स्फटिकाची क्ष-किरणांनी मोजणी केली, तेव्हा गंधक टंगस्टनच्या फारच जवळ दिसला. इतका आखूड बंध कुणी पाहिला नव्हता. हा नव्या प्रकारचा बंध आहे, असं आम्ही लिहिलं. शोधनिबंध छापून आला. त्यावर पहिलं नाव सायलीचं होतं, शेवटचं माझं. तिचा पीएचडीचा प्रबंध त्याच निकालावर उभा होता.

आणि मग ग्वाल्हेरहून पत्र आलं. निळ्या शाईत, मराठीत, सावकाश काढलेल्या अक्षरात. लिहिणारे श्रीधर मुळे, तिथल्या एका कॉलेजातून रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पत्रातलं एक वाक्य मला पाठच झालं: "आपला आखूड बंध हा बंध नसून सरासरी आहे, असे मला वाटते." म्हणजे स्फटिकातल्या काही रेणूंत त्या जागी गंधक आहे, काहींत त्याहून जवळ बसणारा ऑक्सिजन, आणि यंत्राने दोघांचं मिळून मधलंच एक अंतर दाखवलं. खाली लिहिलं होतं, "मी याच जागी एकदा फसलो आहे. पायाच्या दुखण्यामुळे मला प्रवास जमत नाही. आपण आलात तर साध्या परीक्षेने शहानिशा करता येईल."

पहिले दोन दिवस मी रागावले. तिसऱ्या दिवशी मध्येच जेवण सोडून उठले आणि सायलीच्या जुन्या वह्या काढल्या. मग मला स्वस्थ बसवेना. ही परीक्षा मी माझ्याच प्रयोगशाळेत करू शकले असते. पण मग दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं असतं, की साठेमॅडम स्वतःचाच निकाल तपासताहेत. मला ते नको होतं. त्या स्फटिकांच्या दोनच बंद काचनळ्या शिल्लक होत्या, कारण पुन्हा प्रयत्न करूनही तसे स्फटिक मिळाले नव्हते. दोन्ही नळ्या मी लोकरीत गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या आणि सायलीला न सांगता गाडीत बसले.

शुक्रवार, हरिशंकरपुरम

धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा पोचली. हॉटेलच्या खोलीत शिरल्याशिरल्या मी डबा उघडला. एका नळीला तडा गेला होता. आतले नारिंगी स्फटिक फिके, पिवळट पडले होते. हवा आत शिरली होती. दुसरी नळी धड होती. मी ती खिडकीकडे धरून तीनदा पाहिली, परत गुंडाळली, परत सोडून पाहिली.

मुळ्यांचा पत्ता हरिशंकरपुरमचा होता. पण रिक्षावाल्याला मी "मुळेसर, मराठी, कॉलेजमध्ये शिकवायचे" असं सांगण्याची चूक केली. मराठी शब्द ऐकल्यावर त्याने पुढचं काही ऐकलंच नाही आणि थेट शिंदे की छावनीत नेऊन रिक्षा उभी केली. "मराठी लोग तो सब इधर ही रहते हैं, मॅडम." समोरच्या दारावर खरंच मुळे अशी पाटी होती. दार उघडलं ते मात्र औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. रसायनशास्त्राशी त्यांचा तेवढाच संबंध.

"आपण पुण्याहून येऊन राहिल्या?" ते म्हणाले. "मग बाहेर का उभ्या? आत या, किती सर्दी आहे."

मला वाटलं, त्यांना सर्दी झाली आहे. मी काळजीने "औषध घेतलंत का?" असं विचारलं. त्यांच्या सूनबाई आतून हसत आल्या. तिकडे थंडीलाच सर्दी म्हणतात, हे मला चहाबरोबर कळलं. पुण्यात कुणी चुकीच्या दारावरची घंटा वाजवली, तर आम्ही बोटाने योग्य दार दाखवतो आणि आपलं लावून घेतो. इथे चहा झाला, तिळाच्या गजकची बशी आली, माझं माहेर कुठलं ते विचारून झालं, आणि त्या दरम्यान चार फोन करून त्यांनी "प्रोफेसर मुळे" शोधूनही काढले. मी खुर्चीच्या टोकावर बसून होते. गजक इतकी कुरकुरीत आणि हलकी होती की एरवी मी आणखी दोन तुकडे मागून घेतले असते. तेव्हा एकच कसाबसा गिळला.

हरिशंकरपुरमात सरांच्या पत्नी नलिनीकाकूंनी दार उघडलं. सर आतल्या खोलीत होते, उजवा पाय स्टुलावर, अंगठा सुजून लाल झालेला. वय शहात्तर, आवाज मोठा, कारण ऐकू कमी येतं.

"गाऊट," अंगठ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "युरिक अ‍ॅसिड. ते कोण बनवतं, सांगा."

परीक्षेला बसल्यासारखं मी उत्तर दिलं, "झँथिन ऑक्सिडेज." दुधात असतं ते, मॉलिब्डेनमवर एकटा गंधक असलेलं एन्झाइम.

"आणि ही गोळी," त्यांनी पट्टी दाखवली, "जाऊन त्याच मॉलिब्डेनमला धरून बसते. जन्मभर ज्याच्यावर शिकवलं, त्याच्याशीच आता रोज सकाळी भांडतो."

मी डबा पुढे केला. तडा गेलेली नळी त्यांनी उजेडात फिरवली. "ही तर गेली."

"प्रवासात."

"फेकू नका. दोन्हींची परीक्षा करू."

त्यांची मुलगी अदिती शहरातल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिशी ओलांडलेली, बोलण्यात चटपटीत. ती संध्याकाळी आली. "ताई, उद्या कॉलेज बंद आहे, मतलब पूरा बंद," ती म्हणाली. "संडेला चाबी मिळेल, मैंने बात कर ली है."

म्हणजे आणखी एक पूर्ण दिवस. मी काकूंच्या हातची कढी आणि भाकरी खाल्ली. कढीत आमच्याकडे नसतात तशी भजी होती. चव कशी होती, विचाराल तर मला आठवत नाही.

शनिवार, पाटणकर बाजार

सकाळी काकूंनी हॉटेलवर फोन केला, "न्याहारी तिथे करायची नाही, मी येते आहे." त्या मला एका दुकानात घेऊन गेल्या. तिथे डाळीचं सारण भरलेली गरम बेडई, वर बटाट्याचा तिखट रस्सा, आणि त्याच्याबरोबर, त्याच वेळी, जिलबी. मी जिलबी नंतरसाठी बाजूला ठेवली. "नंतर काय नंतर, बरोबर खायची असते," म्हणून काकूंनी ती परत माझ्या ताटात मध्यभागी सरकवली. तिखट आणि गोड असं आलटून पालटून खाताना पहिल्यांदा मला दहा मिनिटं टंगस्टनचा विसर पडला.

मग पाटणकर बाजार. माझे उघडे कान काकूंना बघवत नव्हते. दुकानांच्या पाट्या हिंदी, बोलणं हिंदी, आणि मध्येच एखादी बाई काकूंना थांबवून मराठीत विचारायची, "कशा आहात? पाय कसा आहे सरांचा?" की काकू तिच्याशी मराठीत सुरू होऊन हिंदीत संपवायच्या. टोपी घेताना त्या दुकानदाराशी असं काही बोलल्या की मला वाटलं भांडण जुंपलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझा विद्यार्थी आहे तो. मी शाळेत हिंदी शिकवायचे." मग चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू फार फोन बघते आहेस."

"माझ्या विद्यार्थिनीचा मेसेज आहे. प्रबंध कधी सादर करायचा, विचारते आहे."

"तिला माहीत आहे तू इथे आहेस?"

"नाही."

 घरी पोचल्यावर काकूंनी सरांना सांगितलं, "आता हिला तुमची गोष्ट सांगा. मी सांगायची नाही."

सरांनी ती सांगितली, पाय स्टुलावर, गुडघ्यावर शाल. ते तरुणपणी दुसऱ्या एका शहरात संशोधन करत होते. त्यांचंही टंगस्टन, त्यावर तसंच ऑक्सिजन आणि गंधक. त्यांच्याही मोजणीत बंध आखूड निघाला. मार्गदर्शक हरखून गेले. पण गंधकाचं प्रमाण मोजलं की हिशेबापेक्षा कमी भरायचं. दरवेळी कमी. सरांनी तीनदा सांगितलं, की हे मिश्रण आहे.

"ते म्हणाले, तुझं वजन चुकतंय. मी म्हटलं, वजन चुकलं असतं तर एकदा कमी, एकदा जास्त आलं असतं. नेहमी कमीच कसं येईल?" सरांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. "त्यांनी पेपर पाठवला. मी म्हटलं, माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं, आणि मलाही काढलं."

पीएचडी झाली नाही. ते ग्वाल्हेरला परत आले आणि पस्तीस वर्षं बीएस्सीच्या मुलांना शिकवलं. नंतर परदेशात कुणीतरी दाखवून दिलं, की त्या काळातले असे बरेच आखूड-लांब बंध मिश्रणामुळेच दिसले होते. पण तोवर त्या पेपरकडे कुणी बघत नव्हतं.

मी विचारलं, "मग मला पत्र का लिहिलंत? आपलं बरोबर होतं हे सिद्ध करायला?"

प्रश्न तिरकस होता, मला बोलतानाच कळलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्हाला लिहिलं नाही मी," सर म्हणाले. "पेपरवर पहिलं नाव मुलीचं होतं. मला तिचा पत्ता माहीत नव्हता, संस्थेच्या यादीत फक्त तुमचा होता."

मी हॉटेलवर गेले. टीव्ही लावला, बंद केला. नळी परत उजेडात धरली. सायलीच्या वहीच्या पानांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. त्यातलं गंधकाचं प्रमाण मी पुण्यातच पाहिलं होतं आणि पुढचं पान उलटलं होतं. आता परत उघडलं. हिशेबापेक्षा कमी. त्याखालच्या ओळीतही कमी. बाजूला सायलीने पेन्सिलीने लिहिलं होतं, "मॅडमना विचारणे." आणि त्याच्यापुढे, दुसऱ्या दिवशीच्या अक्षरात, "मॅडम म्हणाल्या, नमुना ओलसर असेल."

रविवार, कॉलेज

कॉलेजची प्रयोगशाळा जुनी, लाकडी टेबलांवर आम्लाचे डाग, खिडक्यांबाहेर कडुलिंब. सरांना अदितीने खुर्चीसकट आत आणवलं. विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटाचा पंखा मात्र सुरू होईना, कारण वीज गेली होती. तो पंखा नसताना ही परीक्षा करणं शक्यच नव्हतं.

"तोवर दूध," सर म्हणाले. काकूंनी खरंच दोन बाटल्या दिल्या होत्या: एकीत म्हशीचं कच्चं दूध, दुसरीत उकळलेलं. सरांनी दोन परीक्षानळ्या भरल्या, दोन्हींत निळा रंग आणि जीवशास्त्र विभागातून आणलेल्या फॉर्मॅलिनचे थेंब टाकले, आणि कोमट पाण्यात उभ्या केल्या. मी घड्याळ बघत होते. मला दूध नको होतं, वीज हवी होती.

"बघा ना, ताई," अदिती म्हणाली. "बाबा हे दरवर्षी करायचे. आई म्हणायची, आधा लिटर दूध गया."

कच्च्या दुधाची निळाई हळूहळू विरून गेली आणि दूध परत पांढरं झालं. उकळलेलं निळंच राहिलं, कारण उकळताना त्यातलं एन्झाइम मरतं. मी पंचवीस वर्षं झँथिन ऑक्सिडेजबद्दल लिहीत आले आहे आणि हे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एका अणूवरचा एक गंधक, त्याचं काम असं नळीत उभं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

वीज आली. पंखा खडखडत सुरू झाला.

परीक्षा साधी होती. सायनाईड त्या एकट्या, दुहेरी बंधाच्या गंधकाला उचलून नेतं. चिमट्यातल्या गंधकांना ते हात लावत नाही. उचललेल्या गंधकाचं जे तयार होतं, त्यात लोहाचा क्षार घातला की रक्तासारखा लाल रंग येतो. गंधक जितकं जास्त, तितका रंग गडद. सायनाईडचं कपाट दोन किल्ल्यांचं होतं आणि ते काम अदितीने एकटीने केलं, आम्हा दोघांना लांब बसवून. तुलनेसाठी तिने आधीच चार नळ्या तयार ठेवल्या होत्या: पूर्ण गंधक असेल तर येईल तो रंग, पाऊण, अर्धा, पाव.

आधी तडा गेलेल्या नळीतले पिवळट स्फटिक. लोह घातलं. रंग जवळजवळ आलाच नाही, नुसती गुलाबी झाक.

"हवेतल्या ओलीने गंधक गेला, ऑक्सिजन बसला," सर म्हणाले. "चार दिवसांत. टंगस्टनला ऑक्सिजनची ओढ फार. म्हणून तर ते जीवाणू तसल्या जागी जाऊन राहतात."

मग धड नळी. अदितीने काच कापली आणि थांबली. "ताई, पूरा डालूँ? की थोडं ठेवायचं?"

ते स्फटिक संपले की संपले. थोडे ठेवले असते तर मी परत जाऊन आणखी कुठली तरी मोजणी करू शकले असते, आणखी महिनाभर म्हणू शकले असते की अजून तपासणी चालू आहे. मला वाटलं, सर काही बोलतील. ते पाण्यातल्या दुधाच्या नळ्या न्याहाळत होते.

"सगळं घाल," मी म्हटलं.

लाल रंग आला. चांगला लाल. मी खुर्चीतून अर्धी उठले. अदितीने नळी उचलून पूर्ण गंधकाच्या नळीशेजारी धरली. आमची फिकी होती. पाऊण भागाच्या नळीशेजारी धरली. तिथेही फिकी. अर्ध्या भागाच्या नळीपेक्षा थोडी गडद. तिने जुन्या रंगमापकात घालून काटा वाचला, मग मला वाचायला दिला. मी वाचला. मग सरांच्या खुर्चीजवळ नेऊन त्यांनाही वाचू दिला, कारण त्यांनी वाचल्याशिवाय ते पुरं झालं नसतं.

"अर्ध्याच्या वर," सर हळू म्हणाले. त्यांचा मोठा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली गेलेला ऐकला. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. "वाईट वाटून घेऊ नका. मलाही तेव्हा फार हवा होता तो बंध."

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि सायलीला फोन लावला. कुठे आहे, काय केलं, काय निघालं, सगळं एका दमात सांगितलं. 

ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस. दोनदा."

"तीनदा."

"तीनदा," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, तुझी नाही. पेपर मागे घ्यावा लागेल."

"आणि माझा प्रबंध?"

"लांबेल."

"तुम्ही मला न सांगता माझे स्फटिक घेऊन गेलात," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता, तसा असता तर बरं झालं असतं. "सगळे संपवलेत?"

"हो."

तिने फोन ठेवला. मी तशीच बसून राहिले. खाली मैदानात दोन बायका उन्हात स्वेटर विणत होत्या. त्यातली एक मला हिंदीत म्हणाली, "यहाँ आकर बैठिए, वहाँ छाया है." मी उठून गेले आणि उन्हात उभी राहिले.

सोमवार, किल्ला

गाडी दुपारची होती. अदितीने सकाळी मोटारीने किल्ल्यावर नेलं. चढावर डोंगराच्या कड्यात कोरलेल्या उंचच उंच जैन मूर्ती लागतात. शांत चेहऱ्याच्या. मी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं आणि त्याच वेळी खिशातला फोन चाचपला. वर राजवाड्याच्या भिंतीवर निळ्या फरशा आहेत, पिवळी बदकं आहेत, हत्ती आहेत. पायथ्याशी सगळं शहर धुक्यात बुडालेलं, फक्त पाण्याच्या टाक्या आणि देवळांचे कळस वर. अदिती एकेक दाखवत होती: तो लष्करचा भाग, ती छावनी, ते आमचं घर, मतलब दिसत नाहीये, पर वहीं है.

"ताई, बाबा कल सोयेच नाहीत दुपारी," ती म्हणाली. "रोज झोपतात. काल नुसते बसून होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ती मुलगी आता काय करेल?"

त्याच वेळी फोन वाजला. सायलीचा मेसेज होता, तीन ओळींचा. "मी पेपर मागे घेण्याच्या पत्राचा मसुदा करते. तुम्ही आल्यावर बघा. आणि मला कोरड्या, हवाबंद पेटीत ते परत बनवायचं आहे, कुणी मदतीला नको."

मी अदितीला म्हटलं, "चल, खाली जाऊ." किल्ल्याचा निम्मा भाग बघायचा राहिला. दिल्लीहून आलेले पर्यटक तिकिटाच्या रांगेत उभे राहून मिरच्या घातलेली उकडलेली बोरं खात होते. त्यांच्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, आत काय काय बघण्यासारखं आहे? मला सांगता आलं नाही.

पुण्यात

सायलीच्या मसुद्यात लिहिलं होतं, "आमच्या निष्कर्षात त्रुटी होती." मी त्याखाली एक वाक्य घातलं: गंधकाच्या प्रमाणाबद्दलची शंका पहिल्या लेखिकेने लिखाणाआधीच उपस्थित केली होती आणि मार्गदर्शिकेने ती दुर्लक्षित केली. तिने ते खोडलं. "हे कशाला?" मी परत घातलं. असं दोनदा झालं. शेवटी वाक्य राहिलं. आभारांत श्रीधर मुळे हे नाव आहे. माझ्या मजल्यावर बोललं गेलं, मी भीत होते तेवढं आणि थोडं जास्तही. परदेशात सायलीची पुढची जागा ठरली होती. ती दुसऱ्या कुणाला गेली, आणि त्याला मी जबाबदार आहे. तिने माझ्याशी बरेच आठवडे कामापुरतंच बोलणं ठेवलं.

ते संयुग परत बनवायला तिला पाच महिने लागले. ओलीचा कण शिरू दिला नाही. जूनमध्ये एका दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि कागद टेबलावर ठेवला. गंधक पूर्ण भरला होता. आणि टंगस्टन ते गंधक हे अंतर जेवढं असायला हवं होतं तेवढंच निघालं होतं. नवीन काहीच नाही. कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडेल असा बंध.

मी लगेच ग्वाल्हेरला फोन लावला. काकूंनी सरांच्या हातात दिला. मी आकडा सांगितला. त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितला. 

"परत सांगा."

मी परत सांगितला.

"म्हणजे माझाही बंध तेवढाच भरला असता," ते म्हणाले. "मी कधी बनवूच शकलो नाही हो शुद्ध. मला वाटायचं, निदान एकदा कळायला हवं होतं, खरा किती आहे." मग घसा खाकरला. "तुम्ही बनवलात?"

"नाही. सायलीने. एकटीने."

"मग तुम्ही काय बोलताय? तिला द्या."

मी फोन सायलीच्या हातात दिला आणि दार ओढून घेऊन बाहेर आले.